घरचं आजारपण काढत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मदत सेवा कशी उभी करायची

साडेदहाचं प्रॅक्टिकल चालू होतं आणि बेंचवर उलटा ठेवलेला एक मोबाईल सारखा थरथरत होता. एसवायबीएस्सीची मुलगी. मी जरा आवाज चढवूनच फोन दे म्हटलं, तिने दिला, बघते तर कॉल नव्हतेच, अलार्म होते. ‘पप्पा बीपी गोळी’, ‘पप्पा कूस’, ‘पप्पा ताक’. वडिलांना पॅरालिसिस झालेला, आई कामावर, घरी फक्त नववीतला भाऊ, त्याची शाळा दुपारची. अलार्म वाजला की हिने त्याला मिस कॉल द्यायचा आणि त्याने उठून वडिलांची कूस बदलायची असं दोघांचं ठरलेलं. बारा वाजता तो शाळेला निघाला की घरी कुणीच नाही, म्हणून ही रोज पावणेबाराची एसटी पकडायची आणि म्हणूनच दुपारच्या सगळ्या लेक्चर्सना गैरहजर. डिफॉल्टर लिस्टमध्ये तिचं नाव मीच घातलं होतं.

मला हे आपोआप कळायला हवं होतं, कारण मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या आईचं सगळं मीच करत होते, जवळजवळ तीन वर्षं. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसानंतर आम्ही तीन-चार जणांनी कॉलेजमध्ये अशा मुलांसाठी काहीतरी सुरू केलं, चुका करत करत ते आता बऱ्यापैकी चालतंय, आणि इतर कॉलेजवाले, संस्थावाले, एमएसडब्ल्यूची (समाजकार्य शिकणारी) मुलं सारखं विचारतात की नेमकं काय नि कसं केलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून काढतेय.

आधी, ही मुलं कोण?

साधारण १८ ते २५ वयाची मुलंमुली, ज्यांच्या घरी आई, वडील, भावंड, आजी-आजोबा असं कुणीतरी दीर्घ आजारी आहे, दिव्यांग आहे, मानसिक आजाराने त्रस्त आहे किंवा व्यसनात आहे, आणि त्यांचं रोजचं करणं या मुलांवर येऊन पडलंय. इंग्लंडमध्ये यांना कायद्यात जागा आहे, २०१४ च्या केअर ॲक्टमुळे असं मूल १८ वर्षांचं व्हायच्या आधीच तिथल्या कौन्सिलला त्याची गरज तपासून पुढची सोय बघावी लागते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आईवडील गंभीर आजारी असतील तर बालसंगोपन योजनेतून मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, पण ते १८ पर्यंतच. अठरावा वाढदिवस झाला की पैसे बंद, आणि त्याच दिवसापासून हॉस्पिटलच्या संमतीपत्रावर सही करायला हेच मूल ‘सज्ञान नातेवाईक’ म्हणून पुढे. मदत संपते आणि जबाबदारी सुरू होते, एकाच तारखेला.

मराठीत यासाठी एक फार सुंदर शब्द आहे, ‘शुभंकर’. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आणि स्किझोफ्रेनियाच्या स्वमदत गटांत पेशंटला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मी तो शब्द गटात वापरते. पण सुरुवातीला मुलांसमोर नका वापरू, कारण ती स्वतःला असं काहीच म्हणवून घेत नाहीत. ती म्हणतात, ‘घरचं बघावं लागतं जरा.’

पहिली पायरी: शोधायचं कसं

नोटीस लावून कुणी येत नाही. आम्ही लावली होती, ‘काळजीवाहू विद्यार्थ्यांनी नावे नोंदवावीत’, एक महिना बोर्डावर होती, एक नाव आलं नाही. मग वर्गात हात वर करायला सांगितले ती तर त्याहून मोठी चूक, घरातलं कुणाला मनाचा आजार आहे हे पन्नास जणांसमोर कोण सांगेल?

चालतं ते असं. एक, प्रश्न बदला. ‘तू केअरगिव्हर आहेस का’ असं न विचारता ‘घरी कुणी आजारी आहे का, आणि तू एक दिवस घरी नसलास तर त्यांचं कुठलं काम अडतं?’ असं विचारा. दुसऱ्या अर्ध्या भागातच सगळं बाहेर येतं. हा प्रश्न ॲडमिशन फॉर्ममध्ये ऐच्छिक म्हणून घाला आणि मेंटॉर-मेंटी मीटिंगमध्ये तोंडी विचारा, नॅकसाठी (कॉलेजच्या सरकारी मूल्यांकनासाठी) त्या मीटिंगा होतातच, नुसत्या सह्यांपुरत्या होण्यापेक्षा एक प्रश्न खरा विचारला जाऊदे.

दोन, डिफॉल्टर लिस्ट वाचायला शिका. टिवल्याबावल्या करणारं मूल सगळीकडेच गैरहजर असतं, पण ठराविक वारी, ठराविक तासालाच गैरहजर असेल तर तिथे काहीतरी आहे. आमच्याकडे एक मुलगा फक्त सोमवार-गुरुवार नसायचा. आईचं डायलिसिस.

तीन, कॉलेजच्या बाहेरून. आशाताई, डायलिसिस सेंटरची नर्स, सरकारी हॉस्पिटलचे समाजसेवा अधीक्षक, मेडिकलवाले यांना माहीत असतं कुणाचं पोरगं फाईल घेऊन लायनीत उभं असतं. त्यांच्याकडून मुलाचं नाव मागू नका, फक्त आपला नंबर छापलेली छोटी चिठ्ठी त्यांच्याकडे ठेवा, ते मुलाच्या हातात देतील, फोन करायचा की नाही ते मूल ठरवेल.

आणि एक कडक नियम, आजाराचं नाव रजिस्टरला लिहायचं नाही. मूल काय-काय काम करतं तेवढंच लिहायचं. आपल्याला मदत ठरवायला तेवढंच लागतं आणि वही कुणाच्या हाती पडली तरी नुकसान होत नाही.

दुसरी पायरी: आठवड्याचा तक्ता

माझ्या मते या सगळ्यातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे, बाकी काही जमलं नाही तरी हे करा. बहुतेक ठिकाणी मूल सापडलं की थेट समुपदेशकाकडे पाठवतात. मूल जातं, रडतं, बरं वाटतं, आणि संध्याकाळी घरी तेच सगळं तसंच असतं. या मुलांकडे सगळ्यात कमी काय असेल तर तास. म्हणून आधी तास मोजा.

कागदावर सात उभे रकाने, पहाटे चारपासून रात्री बारापर्यंत आडव्या ओळी. पेन मुलाच्याच हातात द्या आणि आधी कालचा रकाना आठवून भरायला सांगा, ‘साधारण’ दिवस नाही, कालचाच. त्या अलार्मवाल्या मुलीचा तक्ता माझ्यासमोर भरला गेला तेव्हा तो असा होता: ४.५० नळाला पाणी, ५.१५ पप्पांचा डायपर आणि अंग पुसणं, ६ ला चहा-गोळ्या, ६.३० स्वयंपाक, ७.४५ पप्पांना भरवणं, त्याला पाऊण तास लागतो कारण ठसका लागतो, मग एसटी. रात्री पुन्हा दर दोन-तीन तासांनी कूस. तिने सगळं भरून झाल्यावर कागद जरा लांब धरून बघितला आणि म्हणाली, ‘मॅडम, अभ्यास कुठंच नाय ना ह्यात.’ तिला ते पहिल्यांदाच दिसलं होतं.

मग तीन रंगांनी खुणा करा. लाल म्हणजे हे फक्त हेच मूल करू शकतं (वडील दुसऱ्या कुणाकडून आंघोळ करून घेत नाहीत, वगैरे). पिवळा म्हणजे दुसऱ्या कुणी शिकलं तर करू शकेल. हिरवा म्हणजे कुणीही करेल, जसं मेडिकलमधून गोळ्या आणणं, रेशन, केसपेपरची लाईन, धाकट्याचा अभ्यास. सगळी मदत हिरव्यापासून सुरू करायची. मुलाने लाल म्हटलेल्या कामाला हात लावायचा नाही, निदान पहिल्या दोन-तीन महिन्यांत तरी नाही, कारण त्यात प्रेम पण असतं आणि आपण ते ओढून घेतोय असं मुलाला वाटलं की ते परत येत नाही.

एक सांगते, तक्ता भरताना ‘हे तुझं वय आहे का हे करायचं’ असलं काही बोलू नका. आणि ‘किती गुणी’ पण नको.

तिसरी पायरी: कॉलेजमधले तास परत मिळवणं

इथे एक पैसा लागत नाही, फक्त प्राचार्यांची सही लागते. आम्ही एक साधं सवलत कार्ड केलं. त्यावर मुलाचं नाव, वर्ग, ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे खालील सवलती मंजूर’, आजाराचा उल्लेख नाही. सवलती अशा: फोन व्हायब्रेटवर जवळ ठेवायला आणि उचलायला परवानगी, न विचारता वर्गाबाहेर जायला परवानगी, सबमिशनला सात दिवसांची जादा मुदत, प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळणं, चुकलेली अंतर्गत परीक्षा एकदा परत देता येणं. कार्ड वर्षभरासाठी, दर वेळी अर्ज नको. मुलांनी पुढे सांगितलं की सगळ्यात मोठा फायदा हा झाला की प्रत्येक सरांना नव्याने घरची कहाणी सांगावी लागत नाही.

हजेरीचं जरा जपून. ७५ टक्क्यांचा नियम आपल्या हातात नाही, पण काही टक्के तूट माफ करायचा अधिकार बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत प्राचार्यांना असतो, फक्त तो वापरायला कारण आणि कागद लागतो. आपल्या विद्यापीठाचा नियम छापील काढून फाईलला लावा आणि टर्मच्या सुरुवातीलाच अर्ज करून ठेवा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ केली तर सगळे नाही म्हणतात आणि ते चूक पण नसतात.

बरेच शिक्षक चांगल्या मनाने सुचवतात की मग मुक्त विद्यापीठातून कर ना बाई, घरी राहून. हे सरसकट सुचवण्याच्या मी विरोधात आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही फार मोठी सोय आहे, ज्याला खरंच दुसरा मार्ग नाही त्याने जरूर घ्यावी, पण या मुलांसाठी कॉलेज ही दिवसातली एकच जागा असते जिथे त्यांना कुणाचा घसा साफ करायचा नसतो. ती जागा काढून घेऊ नका. अगदीच वर्ष सोडावं लागलं तर आधी केलेल्या सेमिस्टरचे क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (मिळवलेले क्रेडिट्स साठवणारं सरकारी ऑनलाईन खातं) जमा आहेत ना ते तपासा, म्हणजे परत येताना पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

चौथी पायरी: कागदपत्रं

मुलांचे तासन्‌तास यातच जातात आणि चुकीच्या खिडकीवर जातात. एका माणसाने (आमच्याकडे ऑफिसमधलेच एक क्लार्क आहेत, हाडाचे मदत करणारे) हे पक्कं शिकून घ्यावं आणि मुलाबरोबर बसून फाईल करावी. रेशनकार्ड, सगळ्यांची आधारं, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बँक पासबुक, आजाराचे रिपोर्ट, फोटो, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स, आणि सगळ्याचे मोबाईलवर फोटो.

उपचाराच्या खर्चासाठी आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून ८ जिल्ह्यांत सुरू झालेली हीच ती, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. यादीतल्या हॉस्पिटलमध्ये या योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र बसतात, ॲडमिट व्हायच्या आधी त्यांना भेटायचं, बिल झाल्यावर नाही. इतकं साधं न कळल्यामुळे मुलांनी सोनं गहाण ठेवलेलं मी बघितलंय.

दिव्यांगत्वासाठी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार, पार्किन्सन्स, सिकलसेल, थॅलेसेमिया पण येतात हे पुष्कळांना माहीत नसतं. पॅरालिसिसने हातपाय गेले असतील तर ते चलनवलनाच्या दिव्यांगत्वात बसतं. किडनीचा आजार मात्र या २१ मध्ये नाही, त्यामुळे डायलिसिसवाल्या घराला यासाठी चकरा मारायला लावू नका. त्यांना एसटीच्या प्रवास सवलतीचं डेपोत विचारायला सांगा, आठवड्याला दोन-तीन खेपा असतात, महिन्याला चांगलाच फरक पडतो.

दरमहा काही पैसे हवे असतील तर तहसीलला संजय गांधी निराधार अनुदान, २०२३ मध्ये ते १००० चं १५०० झालं, दिव्यांगांसाठी नंतर अजून वाढवलं. उत्पन्नाची मर्यादा फार खाली आहे, वर्षाला २१,००० आणि दिव्यांगांना ५०,०००, म्हणून अर्जाआधी दाखला बघा. पेशंट ६५ च्या पुढचा असेल तर श्रावणबाळ योजना. धाकटं भावंड अठराच्या आत असेल तर वर म्हटलेलं बालसंगोपन त्याच्यासाठी नक्की भरा. घरी ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगत्व असलेलं भावंड असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात ओपीडी आणि थेरपी पण चालते.

मानसिक आजाराच्या घरांसाठी एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचाराचे निर्णय घ्यायला मदत करणारा माणूस) ठरवता येतो, साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने. पेशंट बरा असताना, शांतपणे बसून हा कागद करून ठेवा. आणि तो प्रतिनिधी हे वीस वर्षांचं मूलच असलं पाहिजे असं काही नाही, मामा, काकू, मोठी बहीण कुणीही सज्ञान माणूस चालतो. हे ऐकल्यावर एका मुलाने मला तीनदा विचारलं, ‘खरंच मी नसलो तरी चालतं?’

पाचवी पायरी: हात आणि कसब

एनएसएसच्या मुलांना हिरवी कामं द्या. गोळ्या आणणं, लाईन लावणं, धाकट्याचा अभ्यास घेणं, नोट्सचे फोटो काढून रोज संध्याकाळी पाठवणं. पेशंटच्या अंगाला हात लावायचं काम स्वयंसेवकांना अजिबात नाही, त्यात दोन्हीकडची अडचण असते. घरी जाताना कायम जोडीने आणि त्याच-त्याच जोडीने, दर आठवड्याला नवे चेहरे आले की पेशंट पण वैतागतो.

टर्मच्या सुरुवातीला एक फिजिओथेरपिस्ट आणि एक नर्स बोलवा, अर्धा दिवस पुरतो. पलंगावरून खुर्चीत माणूस कसा घ्यायचा, आपली कंबर न मोडता, हे खरंखुरं एकमेकांना उचलून करून बघायचं. दर दोन तासांनी कूस, टाचेखाली आणि माकडहाडापाशी रोज बघणं, लालसर दिसलं की लगेच सांगणं. भरवताना बसतं करून, हनुवटी जरा खाली, एका वेळी छोटा घास, घाई नाही. आमच्या पहिल्या शिबिरात एक मुलगा दोन वर्षं वडिलांना काखेत हात घालून उचलत होता, त्याच्या वडिलांचा खांदा त्यामुळेच दुखायचा हे त्याला तिथे कळलं. तो नंतर बराच वेळ कोपऱ्यात बसून होता. त्यामुळे अशा शिबिरात एक मोठं माणूस नुसतं मुलांकडे लक्ष ठेवायला हवं, शिकवायला नाही.

सहावी पायरी: गट

महिन्यातून दोनदा, तासभर, त्याहून जास्त नाही. आम्ही आधी शनिवारी दुपारी ठेवायचो, कुणी येईना, मग मुलांनाच विचारलं तर म्हणाली रात्री साडेनऊ, ऑनलाईन, कॅमेरा बंद. पेशंट झोपलेला असतो तेव्हा. मधेच कुणी ‘आले हं’ म्हणून गायब होतं, दहा मिनिटांनी परत येतं, कुणी काही विचारत नाही.

नियम दोनच, इथलं बोलणं इथेच आणि सल्ला मागितला तरच द्यायचा. राग बोलायला परवानगी पाहिजे, हे मुद्दाम सांगावं लागतं. ‘कधीकधी वाटतं ते सुटले असते तर बरं झालं असतं’ हे वाक्य पहिल्यांदा कुणीतरी बोलतं तेव्हा सगळा गट गप्प होतो आणि मग एकेक जण ‘मला पण’ म्हणतं. ते बोललं गेलं म्हणजे गट नीट चाललाय.

मुलीचं हे काम सगळ्यांना स्वाभाविक वाटतं, त्यामुळे तिच्या घरी जाऊन भावाला, काकांना वाटणी करायला सांगणारं कुणीतरी मोठं माणूस लागतं. मुलगा मात्र लपवतो, आईचे कपडे बदलतो हे तो मित्रांना मेला तरी सांगणार नाही, त्याच्यासाठी त्याच परिस्थितीतून गेलेला दोन वर्षं मोठा मुलगा गाठून द्या. व्यसनाच्या घरांतली मुलं वेगळ्या गटात बसवा, त्यांच्या घरातली भीती वेगळी असते, जवळ अल-ॲनॉनची (दारूच्या व्यसनातल्या माणसांच्या घरच्यांचा स्वमदत गट) सभा असेल तर तिथे जोडून द्या.

आणि रात्री-अपरात्रीसाठी एक कार्ड प्रत्येकाच्या पाकिटात: ॲम्ब्युलन्स १०८, मारहाण किंवा धोका असेल तर ११२, मन फारच ढासळलं तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फुकट. त्याखाली आपल्यापैकी एकाचा नंबर. एकाचाच, आणि तो उचलला गेला पाहिजे.

काय करू नये

एका कॉलेजात (नाव नको) अशा एका मुलीला गॅदरिंगमध्ये स्टेजवर बोलावून ‘आधुनिक श्रावणबाळ’ म्हणून शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या, फोटो पेपरला आला. दुसऱ्या दिवसापासून तिला घरून निघून पुण्याला नोकरी करायची इच्छा आहे हे बोलायची सोयच उरली नाही. मी तेव्हा प्रेक्षकांत होते आणि टाळ्या मी पण वाजवल्या होत्या. सत्कार, बातमी, व्हिडिओ, देणगीदारांसमोर मनोगत, यातलं काही एक नको.

किती कार्यक्रम झाले ते मोजू नका. दर टर्मला तोच तक्ता परत भरून घ्या आणि जुन्याशेजारी ठेवा. झोप किती वाढली, अभ्यासाची एखादी ओळ आली का, पेपरला बसलं का, एवढंच बघायचं. त्या अलार्मवाल्या मुलीच्या दुसऱ्या तक्त्यात दुपारी दोन ते चार अशी दोन तासांची जागा आली होती, शेजारच्या मावशी बसायला लागल्या होत्या आणि त्या बदल्यात आमची एनएसएसची मुलगी त्यांच्या नातवाचा अभ्यास घेत होती. तिथे तिने ‘लायब्ररी’ असं लिहिलं होतं, आणि गुरुवारच्या रकान्यात नुसतंच ‘झोप’.

पेशंट गेल्यावर

बहुतेक ठिकाणी इथे सेवा थांबते, आणि नेमकं तेव्हाच मूल कोसळतं. कार्ड रद्द करू नका, अजून एक वर्ष चालू ठेवा. गटातून नाव काढू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखल्याच्या जास्त प्रती काढायला मदत करा, स्कॉलरशिपपासून बँकेपर्यंत सगळीकडे लागतात. गेलेला माणूस ६० च्या आतला कमावता असेल आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, तो अर्ज तहसीललाच.

दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसं असतात, म्हणून तेव्हा फोन नाही केला तरी चालतं. चौदाव्या दिवशी करा, मग दीड महिन्याने, मग पहिल्या दिवाळीत. काय बोलायचं सुचलं नाही तर अलार्मचं विचारा. सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये ते वाजत असतात, महिनोन्‌महिने, आणि कुणाला ते स्वतःहून बंद करवत नाहीत. आमच्या त्या मुलीने मला ऑफिसमध्ये येऊन फोन दिला होता आणि म्हणाली होती, ‘मॅडम, कूसवाला राहूदे, बाकीचे तुम्ही काढा.’